दागिन्यावरचे लाइट-क्युअर रेझिन : हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

धातूच्या दागिन्यावर लाइट-क्युअर रेझिनने, म्हणजे प्रकाश दिला की घट्ट होणाऱ्या साहित्याने, रंग भरण्याचे काम शिकायला येणारी मुले-मुली सर्वांत आधी ‘कोणत्या कंपनीचे रेझिन घेऊ’ असे विचारतात. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीच्या चांदीकामाशी जोडलेल्या कार्यशाळांत काही वर्षे हेच काम केल्यावर माझे उत्तर ठरून गेले आहे : बाटली सगळ्यांत शेवटी घ्या, त्याआधी धातूचा पृष्ठभाग, थराची जाडी आणि दिव्याचा प्रकाश या तीन गोष्टी नीट समजून घ्या. रंग सुटला, पिवळा पडला किंवा आतून ओला राहिला, तर बहुतेक वेळा दोष रेझिनचा नसतो, या तिघांपैकी एकीकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो.

हे साहित्य वापरायचे कशासाठी, हे आधी स्पष्ट असू द्यावे. पारंपरिक मीना म्हणजे काचेची पूड. ती धातूवर बसवून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबे) सुमारे ८०० अंशांपासून वितळू लागते आणि तिच्यावरचे बरेचसे डाग, म्हणजे झाळून केलेले जोड, त्याहून कमी तापमानाला सुटतात. शिवाय भट्टीत तिच्यातल्या तांब्याचे ऑक्सिडीकरण होऊन पृष्ठभागावर काळसर थर येतो. घुंगरू, कड्या आणि फासे जोडून तयार झालेले पैंजण म्हणूनच मीन्याच्या भट्टीत घालता येत नाही. तशाच तयार नगावर, खोलीच्या तापमानाला, खडे बसवून झाल्यावरही रंग भरता येतो हे लाइट-क्युअर रेझिनचे खरे बळ आहे. त्याला स्वस्त मीना समजून कामाला बसणारा कारागीर त्याच्याकडून नको त्या अपेक्षा करतो. काचेचा कठीणपणा, ओरखड्यांना दाद न देणारी झळाळी आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा रंग या साहित्यात नाही, आणि ग्राहकाला तसे सांगूनच माल द्यावा असे माझे ठाम मत आहे.

या साहित्याचे मूळ दंतवैद्यकात आहे, आणि तो इतिहास आपल्या टेबलावर रोज उपयोगी पडतो. दाताच्या पृष्ठभागावर आम्ल लावून तो खडबडीत केला की त्यावर रेझिन धरते, हे दंतसंशोधक बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. राफाएल बोवेन यांनी १९६२ मध्ये बिस-जीएमए या रेझिनचे पेटंट मिळवले आणि सिलेनचा (पूड आणि रेझिन सांधणाऱ्या रसायनाचा) लेप दिलेली खनिज पूड त्यात मिसळून आजच्या दातांच्या कॉम्पोझिटचा, म्हणजे दात भरायच्या मिश्रणाचा, पाया घातला. १९७० च्या दशकात हे मिश्रण आधी अतिनील आणि पुढे निळ्या प्रकाशाने पक्के करण्याची पद्धत आली. दागिन्यांसाठी मिळणाऱ्या साहित्याचे दोन गट याच परंपरेतून समजतात. एका गटात पातळ, पारदर्शक, भराव (मिसळलेली पूड) नसलेले यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचे, रेझिन येते. ते ओतायला सोपे, पण मऊ असते. दुसऱ्या गटात सिरॅमिकची अतिसूक्ष्म पूड भरलेल्या घट्ट पेस्टी येतात. त्या महाग असतात, चमचीने दाबून भराव्या लागतात, पण झिजेला जास्त टिकतात.

भरावाचा फरक केवळ कठीणपणापुरता नाही. पक्के होताना हे सर्व साहित्य आकसते; भराव असलेले कॉम्पोझिट आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के, तर भराव नसलेले त्याहून बरेच जास्त. तापमानाने होणारे प्रसरणही वेगवेगळे आहे. चांदीचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षांत सुमारे १९, भराव नसलेल्या अ‍ॅक्रिलिक रेझिनचा ७० ते ८० आणि भराव असलेल्याचा साधारण २५ ते ४० इतका असतो. त्यामुळे उन्हात तापलेला आणि मग एसीत गार झालेला नग आपल्या रंगाला कडेपाशी सतत थोडे थोडे ओढत राहतो. पट्टी रुंद आणि सपाट असेल तर ही ओढ शेवटी रंग उचलते. तोच रंग छोट्या, कडा असलेल्या खळग्यांत विभागला तर टिकतो. नक्षी काढणाऱ्याशी हे आधीच बोलून घेतले, तर पुढची निम्मी दुरुस्ती वाचते.

आता प्रकाशाकडे वळू. रेझिनमध्ये प्रकाश शोषून घेऊन रासायनिक क्रिया सुरू करणारा एक घटक असतो आणि तो ठरावीक तरंगलांबीलाच जागा होतो. दातांच्या साहित्यातले कॅम्फरक्विनोन ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषते. हस्तकलेच्या बाटलीबंद रेझिनला बहुधा ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा दिवा लागतो. नखांच्या जेल पॉलिशच्या अतिनील दिव्याखाली निळ्या प्रकाशाची पेस्ट ठेवून ‘माल खराब निघाला’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. दिवा विकत घेताना वॅट विचारू नये, तरंगलांबी विचारावी, आणि ती बाटलीवरच्या माहितीशी जुळते का हे पाहावे. दिवा आणि नग यांतले अंतर थोडे वाढले तरी नगावर पोचणारा प्रकाश बराच कमी होतो, म्हणून नग नेहमी एकाच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

रंगद्रव्यही प्रकाश अडवते आणि नवख्या हातांची सर्वांत जास्त फजिती इथेच होते. पांढरा रंग प्रकाश परतवतो म्हणून तो लवकर पक्का होईल असे वाटते. प्रत्यक्षात पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते. परिणामी ३६५ च्या दिव्याखाली वर कडक साय धरते आणि खाली द्रव तसाच राहतो. ती साय आकसताना वर सुरकुत्या पडतात. काळा तर सगळाच प्रकाश गिळतो, आणि पिवळे व लाल रंग नेमका निळा-जांभळा भाग खातात. म्हणून अपारदर्शक रंग कागदाइतक्या पातळ थरांत भरावेत आणि प्रत्येक थर पक्का करूनच पुढचा द्यावा. पारदर्शक रंगाला एक मिलिमीटरपर्यंतचा थर सहसा चालतो. तपासणीसाठी नगावर सुई टोचत बसू नये. त्याच रंगाचा, त्याच जाडीचा ठिपका पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर नगासोबतच दिव्याखाली ठेवावा आणि नंतर तो उचलून उलट्या बाजूने नखाने दाबून पाहावा. खालची बाजू मऊ लागली तर नगातली लागणारच.

धातूची तयारी हा या कामाचा कणा आहे. आरशासारख्या पॉलिश केलेल्या चांदीवर रेझिन नीट धरत नाही, ते नुसते टेकून राहते. खळग्याचा तळ बारीक अ‍ॅल्युमिनाने सँडब्लास्ट करावा, म्हणजे ती पूड हवेच्या झोताने मारून खरखरीत करावा. ५० मायक्रॉनची पूड पुरते. ते यंत्र नसेल तर खोदकामाच्या कलमेने तळावर आडव्या-उभ्या बारीक रेघा काढाव्यात. पारदर्शक रंगाखाली याच रेघा प्रकाश परतवून रंगाला खोली देतात, आणि परतलेला प्रकाश थराच्या तळापर्यंत पोचून तो पक्का करायलाही मदत करतो. खळग्याच्या भिंती आत झुकत्या कापल्या तर रेझिन अडकून बसते हे खरे, पण त्या झुकावाखाली दिव्याची सावली पडते. झुकाव अगदी किंचित ठेवावा आणि दिव्याखाली नग चारी बाजूंनी तिरका करून फिरवावा. दंतप्रयोगशाळांत वापरले जाणारे धातूचे प्रायमर (रेझिन धरावे म्हणून आधी लावायचे द्रव) दागिन्यांनाही चालतात, मात्र ते धातू पाहून निवडावे लागतात : सोने-चांदीला गंधकयुक्त मोनोमर (ज्यापासून रेझिन बनते तो मूळ घटक) असलेला, तर निकेल-क्रोमसारख्या मिश्रधातूंना फॉस्फेट गटाचा. ब्लास्ट केल्यानंतर तळाला बोट लावू नये; आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे, कोरडे करावे आणि लगेच रंग भरावा. आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात हवा इतकी ओली असते की धुतलेला नग गरम हवेने वाळवल्याशिवाय मी त्याला रंग लावत नाही.

कामाचा क्रमही पक्का असावा. डाग, कानस, पॉलिश, मुलामा आणि शेवटी रेझिन, हा सर्वसाधारण क्रम. त्यात एक खरी अडचण आहे. रंग धातूच्या कडेशी सपाट करायचा म्हटले की पॉलिश पेपर कडेवरही फिरतो आणि तिथला मुलामा घासला जातो. उलट रंगानंतर मुलामा द्यायचा तर गरम क्षारयुक्त विद्युत-सफाई रेझिनच्या कडा उचलू शकते. मुलामा असलेल्या नगात म्हणूनच रंग कडेपेक्षा केसभर खाली ठेवावा आणि त्याला घासकाम करूच नये. मुलामा नसलेला चांदीचा नग असेल तर मात्र रंग थोडा वर भरून, पाण्याखाली बारीक पेपरने घासून, शेवटी मऊ बफवर (पॉलिशच्या कापडी चाकावर) हलक्या हाताने उजळावा. घाईने दाबून बफ केला की रेझिन तापते, मऊ होते आणि पॉलिशची मळी पोटात घेते; ती मग निघत नाही.

वरचा थर चिकट राहिला म्हणजे माल कच्चा आहे असे नाही. हवेतला प्राणवायू पृष्ठभागावरची क्रिया अडवतो, त्यामुळे मायक्रॉनमध्ये मोजावा इतका थर ओला राहतो. दोन थरांच्या मधे तो पुसू नये, कारण त्यालाच पुढचा थर धरतो. शेवटच्या थरावर ग्लिसरीनचा लेप देऊन पुन्हा प्रकाश द्यावा आणि धुऊन टाकावे.

आरोग्याविषयी मी जरा कठोरपणे लिहिते आहे, कारण इथली हानी भरून येत नाही. पक्के न झालेले अ‍ॅक्रिलेट त्वचेला वारंवार लागले की अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातात याच कुळातले फिलिंग भरतानाही तिचा त्रास होऊ शकतो. युरोपीय संघाने नखांच्या उत्पादनांतले हेमा हे याच कुळातले रसायन केवळ व्यावसायिक वापरापुरते मर्यादित केले ते याच कारणाने. प्रजननक्षमतेला धोका या वेगळ्या कारणाने टीपीओ या प्रकाशघटकाला १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. आपल्या रेझिनमध्येही हे घटक असू शकतात, म्हणून विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. हातमोजे नायट्राइलचे वापरावेत आणि त्यांवर रेझिन पडताच बदलावेत, कारण पातळ मोज्यांतून मोनोमर काही मिनिटांत आरपार जाते. निळ्या दिव्यासमोर नारिंगी चश्मा, घासकाम पाण्याखाली आणि तोंडाला धूळरोधक मास्क हे ठरलेले असावे. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये. दिव्याखाली घट्ट करून मगच टाकावे.

शिकायचे कुठे? मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरीमध्ये दागिने घडवण्याचे रीतसर शिक्षण मिळते आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आधी एखाद्या चांदीच्या कार्यशाळेत कानस, डाग आणि पॉलिश शिकावे, कारण धातू हाताळता येणारा माणूस रेझिन लवकर शिकतो. उलटा प्रवास फार लांबतो. काम मागायला जाताना सुंदर नगांच्या फोटोंपेक्षा नमुना-पट्ट्या न्याव्यात : एकाच चांदीच्या पट्टीवर सगळे रंग, निम्मा भाग झाकून खिडकीत उन्हात ठेवलेले, मागे तारीख, थराची जाडी आणि दिव्याची तरंगलांबी लिहिलेली. कोणता रंग उडतो आणि कोणता पिवळा पडतो हे त्या पट्टीवर दिसते, आणि जाणकार मालक ती आधी हातात घेतो.

हिशेबात रेझिनचे वजन धातूच्या वजनात कधीही धरू देऊ नये. भरण्याआधी आणि भरल्यानंतर नग तोलून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, म्हणजे बिलावर निव्वळ धातूचे वजन निर्विवाद येते. नगासोबत ग्राहकाला लेखी सूचना द्यावी की हा नग अल्ट्रासॉनिक किंवा वाफेच्या यंत्रात घालू नये, अत्तर आणि सॅनिटायझर त्याच्यापासून दूर ठेवावे, आणि दुरुस्तीला देताना रंगाची कल्पना सोनाराला द्यावी. दुरुस्तीसाठी डाग द्यायचा असेल तर रेझिन ज्योतीने जाळू नये, त्याचा धूर घातक असतो. बारीक बर (फिरत्या यंत्राचे कोरायचे टोक) लावून ते आधी कोरून काढावे, डाग देऊन नग धुवावा, तळ पुन्हा ब्लास्ट करावा आणि रंग नव्याने भरावा.