ईपी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून यायचंय?

कॅथ लॅबमध्ये (हृदयात बारीक नळ्या घालून तपासणी-उपचार करतात तिथे) वर्ष-दोन वर्षं काढलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, ईपीकडे वळू का?" ईसीजीचा कागद हातात आला की तो खाली ठेववत नसेल, तर जरूर वळा. इथलं सगळं काम मोजण्याचं आहे आणि तेही मिलिसेकंदांत.

ईपी म्हणजे इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, हृदयाच्या ठोक्यांमागच्या विजेचा अभ्यास. आमच्याकडे येणारे बरेचसे पेशंट आधी चार दवाखाने फिरून आलेले असतात. धडधड अचानक सुरू होते, अचानक थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. तरुण बाई असेल तर 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण ठरलेली. याची मला अजूनही चीड येते. म्हणून सांगते, धडधड चालू असतानाचा बारा लीडचा ईसीजी मिळाला तर तो जपून ठेवा. पेशंटच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असेल तर आवर्जून मागून घ्या. अर्धं निदान त्यातच असतं.

शिकायला सुरुवात एव्हीएनआरटीच्या केसपासून करा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज नेणारा सांधा म्हणजे एव्ही नोड. तिथे लहर गोल फिरत राहिल्याने होणारी ही धडधड. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (सिग्नल टिपणाऱ्या बारीक नळ्या) आत जातात: एक एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात), एक हिस बंडलपाशी (एव्ही नोडपासून खाली वीज नेणाऱ्या तंतूंपाशी), एक व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात), एक कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या स्वतःच्या शिरेत). हिसचा सिग्नल कॅथेटरने घेण्याची पद्धत शेरलाग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडली, आजही आपण त्या सिग्नलच्या बारीकशा टोकावरून मोजतो. स्टिम्युलेटरवर, म्हणजे हृदयाला विजेचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, तुम्ही बसलेले असता. डॉक्टर म्हणतात, "६००, ३४०." म्हणजे ६०० मिलिसेकंदांच्या अंतराने आठ ठोके आणि त्यानंतरचा ३४० वर. मग ३३०, ३२०. दर वेळी एएच, म्हणजे एट्रियमपासून हिसपर्यंत लहर पोचायला लागलेला वेळ, मोजायचा. फक्त दहा मिलिसेकंद कमी केल्यावर एएच एकदम ५० किंवा त्याहून जास्त वाढला, तर वेगवान वाट बंद पडून लहर आता संथ वाटेने चालली आहे. एव्ही नोडमधल्या या दोन वाटांमुळेच ती धडधड फिरत राहते.

पुढे संथ वाट जाळून बंद करायला (यालाच ॲब्लेशन म्हणतात) रेडिओफ्रीक्वेन्सी ऊर्जा देतात तेव्हा जंक्शनल ठोके, म्हणजे एव्ही नोडच्या आसपास उमटणारे ठोके, येऊ लागतात. ही चांगली खूण, पण तुमची नजर एकाच गोष्टीवर हवी: प्रत्येक जंक्शनल ठोक्यामागे एट्रियमचा सिग्नल येतोय ना? एकदा जरी गळला, तरी लगेच "ऑफ!" म्हणून ओरडायचं. तिथे सिनिऑरिटी बघायची नाही. एव्ही नोडला इजा झाली तर त्या पेशंटला जन्मभर पेसमेकर लागू शकतो. नीट केलं तर ९५ टक्क्यांहून अधिक जण कायमचे बरे होतात. उपचारात असं यश फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं.

नव्यांना ओढ असते ती थ्रीडी मॅपिंगची, म्हणजे हृदयातल्या विजेचा रंगीत नकाशा काढण्याची. १९९८ मध्ये बोर्दोच्या हैसागेर यांच्या गटाने दाखवलं की एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) पेटवणारे ठोके बहुतेकदा पल्मनरी व्हेन्समधून, म्हणजे फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमधून, निघतात, आणि या कामाचा पसाराच बदलला. मॅप सुंदर दिसतो हे खरं, पण त्यातला प्रत्येक रंग त्या बिंदूवर धरलेल्या वेळेवरून येतो. वेळ चुकीची धरली की रंगही चुकीचा. म्हणून आधी सिग्नल, मग मॅप.

संशोधनाकडे कल असेल तर कास्ट (CAST) ही औषधांची ट्रायल नीट वाचा. हार्ट ॲटॅकनंतर जादा पडणारे ठोके एन्केनाइड, फ्लेकेनाइड या औषधांनी दबत होते, ईसीजी छान दिसत होता. पण प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणारेच जास्त दगावले, आणि १९८९ मध्ये ती औषधं ट्रायलमधून थांबवावी लागली. आपण भरतो त्या फॉर्ममधल्या नोंदींचं मोल यावरून ओळखा. एएफ ॲब्लेशनच्या अभ्यासात सहसा ३० सेकंदांचा किंवा त्याहून मोठा झटका 'पुन्हा सुरू झालं' असा धरतात. होल्टरवर (अंगावर बांधून दिवसभर ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रावर) २८ सेकंद दिसले तर २८च लिहायचे, डॉक्टरांना काय आवडेल याचा विचार न करता.

बाकी शिस्तीच्या गोष्टी: केस सुरू होण्याआधी डिफिब्रिलेटरचे (शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅच स्वतः तपासा. लेड ॲप्रन आणि थायरॉइड कॉलर घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, एक्स-रेचा डोस मोजणारा बॅज घरी विसरू नका. केस पाच-सहा तास चालू शकते, तेव्हा पोटभर खाऊन या.

नोकरीच्या मुलाखतीला गेलात तर पगाराआधी दोन गोष्टी विचारा. महिन्याला ईपीच्या केसेस किती होतात, आणि स्टिम्युलेटरवर कोण बसतं? काही ठिकाणी सगळं यंत्राच्या कंपनीचा माणूस चालवतो आणि टेक्निशियन फक्त केबल जोडतो. तिथे पगार चांगला असला तरी जाऊ नका. केसेस थोड्या कमी असल्या तरी चालेल, पण तुमच्या हातात कॅलिपर (ही अंतरं मोजायचं साधन) देणारी आणि "हा एएच किती?" असं रोज विचारणारी लॅब निवडा.