रॅकची ऑर्डर देण्याआधी

गोदामासाठी रॅक घ्यायची असेल तर रॅकवाल्याला फोन करण्याआधी एक भरलेलं पॅलेट (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचा लाकडी पाट) काट्यावर चढवा. चलनावरच्या वजनात नुसता माल धरलेला असतो, लाकडी पॅलेटचे वीस-पंचवीस किलो कुणी धरत नाही. लांबी, रुंदी आणि उंचीही मालासकट मोजा, कारण गोण्या कडेबाहेर फुगतात आणि रॅकमध्ये घासतात त्या त्याच. पॅलेट १२०० बाय १००० मिमीचं असेल आणि १००० ची बाजू पुढे ठेवणार असाल, तर दोन पॅलेटना साधारण २३०० मिमीची बीम (ज्यावर पॅलेट टेकतं ती आडवी पट्टी) लागते. फुगवटा जास्त असेल तर तेवढी वाढवा.

मग मालाची यादी काढा: आयटम किती आणि एकेकाची पॅलेट किती. निवडीचं खरं गणित इथेच आहे. चारशे आयटम आणि प्रत्येकाची तीन-चार पॅलेट असतील, तर साधं सिलेक्टिव्ह रॅक घ्या आणि पुढच्या चर्चेत वेळ घालवू नका. हवं ते पॅलेट कधीही काढता येतं, बीम वर-खाली करता येते. दहाच आयटम आणि प्रत्येकाची ऐंशी पॅलेट असतील, तर ड्राइव्ह-इनचा विचार करा. त्यात फोर्कलिफ्ट रॅकच्या आत शिरते आणि शेवटी ठेवलेलं पॅलेट आधी बाहेर येतं, म्हणून मुदत संपणाऱ्या मालाला ते चालत नाही. शिवाय अर्धी रिकामी झालेली लेन, म्हणजे एकामागे एक पॅलेटची रांग, दुसऱ्या आयटमला देता येत नाही. कागदावर दिसणारी भरपूर जागा प्रत्यक्षात अशीच गळते. आधी आलेला माल आधी काढायचा असेल तर एका बाजूने भरून दुसऱ्या बाजूने काढायचं ड्राइव्ह-थ्रू किंवा रोलरच्या उतारावर चालणारं पॅलेट फ्लो, पण पॅलेटचा तळ तुटका असेल तर रोलरवर ते अडकणार हे नक्की. पुश-बॅक हे सिलेक्टिव्ह आणि ड्राइव्ह-इनच्या मधलं: नवं पॅलेट आधीच्याला मागे ढकलतं, एका लेनमध्ये दोन ते पाच-सहा पॅलेट, आणि फोर्कलिफ्टला आत शिरावं लागत नाही.

आता गाडी. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला (मागे वजन असलेली नेहमीची) साडेतीन ते चार मीटरचा बोळ लागतो, काटे पुढे सरकवणाऱ्या रीच ट्रकला पावणेतीन ते तीन. पाठीला पाठ लावलेली दोन रॅक जेमतेम अडीच मीटर खातात, म्हणजे काउंटरबॅलन्स ठेवली तर निम्म्याहून जास्त जमीन नुसती गाडी फिरायला जाते. अनेकदा महागडं दाट रॅक घेण्यापेक्षा गाडी बदलणं शहाणपणाचं ठरतं. एकामागे एक दोन पॅलेट ठेवणाऱ्या डबल-डीप रॅकला लांब पोहोचणारा रीच ट्रक लागतो, आणि अतिअरुंद बोळाच्या गाडीला फरशी अगदी सपाट हवी. गाडीवरची क्षमतेची पाटीही वाचा. उंची वाढली की उचलायची ताकद घटते.

फरशीचा विषय लोक शेवटी काढतात आणि तिथेच फसतात. जमिनीवरची पॅलेट सोडून वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक टनाची दोन पॅलेट धरा. मधल्या फ्रेमवर (पुढचा-मागचा मिळून दोन खांबांची चौकट) दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा भार येतो, एकूण आठ टन. म्हणजे एकेका खांबाच्या बुडाशी असलेल्या छोट्याशा बेसप्लेटखाली चार टन. स्लॅबची जाडी आणि काँक्रीटचा दर्जा इंजिनिअरकडून तपासून घ्या, सांधे कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून ठेवा, अँकर बोल्ट सांध्यावर येऊ देऊ नका. छताची उंची ट्रसच्या (छताच्या लोखंडी कैचीच्या) खालून मोजा आणि स्प्रिंकलर असतील तर त्यांच्याखाली सोडायची जागा अग्निशमनाच्या नियमातून काढा.

कोटेशन आलं की बीमची क्षमता पुढच्या-मागच्या जोडीची आहे की एकीची, आणि ती पसरलेल्या भाराची आहे का, हे लेखी घ्या. सर्वांत खालची बीम किती उंचीवर धरली तेही विचारा, कारण ती वर सरकवली की खांबाची क्षमता कमी होते. गाड्यांचे धक्के रोजचे असतील तर पत्रा वळवून केलेल्या खांबांपेक्षा हॉट-रोल्ड सेक्शनचे खांब जास्त सोसतात. दमट जागेत गॅल्व्हनाइज्ड घ्या. बीम निसटू न देणाऱ्या लॉकपिन, खांबांचे गार्ड आणि क्षमतेचे फलक याच ऑर्डरमध्ये बसवा, नंतर कुणी घेत नाही. जुनं रॅक स्वस्तात मिळत असेल तर दोन कंपन्यांचे खांब-बीम एकत्र जोडू नका, खाचा जुळल्यासारख्या वाटल्या तरी.

सही करायच्या आदल्या दिवशी रिकाम्या गोदामात खडूने रॅकच्या कडा आखा आणि रोजच्या ड्रायव्हरला भरलेलं पॅलेट घेऊन त्या बोळात वळायला सांगा. दोनदा मागेपुढे करावं लागलं तर नकाशा पुन्हा काढा.