कांद्याच्या मुळातली नऊवारी : गुणसूत्रे बघावीत कशी

कांद्याच्या मुळाच्या टोकातली एकच पेशी घ्या. तिच्या केंद्रकातला सगळा डीएनए उलगडून सरळ ताणला तर तो भरेल जवळपास 11 मीटर. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, म्हणजे हा त्याहूनही लांब. आणि तो मावतो कुठे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून जरा मोठ्या केंद्रकात.

हिशेब सोपा आहे. कांद्याच्या एका गुणसूत्र-संचात डीएनएच्या सुमारे 16 अब्ज जोड्या (म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), पेशीत असे दोन संच, आणि दर जोडीमागे लांबी 0.34 नॅनोमीटर. करा गुणाकार. माणसाच्या पेशीत हाच आकडा दोन मीटरच्या थोडा वर जातो. कांदा आपल्यापेक्षा पाचपट श्रीमंत, पण त्याची बरीचशी इस्टेट म्हणजे तेच तेच क्रम पुन्हा पुन्हा लिहिलेले. आपला फायदा एवढाच, की इतका डीएनए फक्त 16 गुणसूत्रांत वाटलेला असल्यामुळे ती जाडजूड असतात आणि शाळा-कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात.

हा प्रयोग प्रयोगशाळेतच करा, शिक्षकांना सोबत घेऊन. ॲसेटिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल दोन्ही स्वयंपाकघरात आणायच्या वस्तू नव्हेत.

कांदा निवडणं

अर्धं काम इथेच होतं. शेतातून नुकताच निघालेला कांदा सुप्तावस्थेत असतो, त्याला मुळं फुटायला फार वेळ लागतो. चाळीत दोन-तीन महिने राहिलेला उन्हाळ कांदा उत्तम. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने हलके खरवडून काढा, पण बुडाच्या चकतीला इजा होऊ देऊ नका. ग्लास पाण्याने काठोकाठ भरून त्यावर कांदा असा ठेवा, की फक्त बूड पाण्याला टेकेल. सगळा कांदा बुडवला तर तो कुजतो आणि वर्गभर वास सुटतो. पाणी रोज बदला. दोन ते चार दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची पांढरी मुळं येतात. थंडीत आणखी एखादा दिवस धरा.

मुळं कापणं आणि थिजवणं

प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ‘सकाळी 8 ते 10’ अशी वेळ लिहिलेली असते. सुरुवात म्हणून ती ठीक आहे, पण मुळाला घड्याळ कळत नाही. तापमान बदललं की पेशी विभाजनाची वेळही सरकते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या वेळी थोडी थोडी मुळं कापा आणि कुपीवर वेळ लिहा. टोकाकडचा सेंटिमीटरभर तुकडा पुरतो.

कापल्या कापल्या तो तुकडा तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांच्या ताज्या मिश्रणात टाका. पेशी ज्या क्षणी जे करत होती त्याच अवस्थेत ती थिजते. हे मिश्रण पेट घेतं, तेव्हा दिवा लांब ठेवा. 24 तासांनी मुळं 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली, की पुढचं काम सवडीने करता येतं.

रंग देणं

दोन-तीन मुळं पाण्यात धुऊन वॉच ग्लासमध्ये घ्या. त्यावर ॲसिटोकार्माइनचे नऊ थेंब आणि ‘एक नॉर्मल’ (1 N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. आम्लामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा लगदा सैल होतो. वॉच ग्लास चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवा. वाफ दिसली की बाजूला घ्या, उकळू देऊ नका. मग पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा.

कार्माइन हा लाल रंग मिळतो निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून. गुणसूत्रं हा रंग इतक्या हावरेपणाने पितात, की त्यांचं नावच त्यावरून पडलं. 1888 साली वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने ‘क्रोमोसोम’ हा शब्द काढला, त्याचा अर्थ ‘रंगाचा देह’. मराठीतल्या जुन्या पुस्तकांत ‘रंगसूत्र’ हा शब्दही भेटतो. मला तो जास्त आवडतो, कारण काचेखाली दिसतात ते रंगलेले दोरे. गुण काही दिसत नाहीत.

चेचणं

मूळ काचपट्टीवर घ्या. टोकाचा दीड-दोन मिलिमीटरचा भाग सर्वांत गडद झालेला दिसेल. तेवढाच ठेवून बाकीचं ब्लेडने कापून फेका. हा मोह इथे टाळता आला पाहिजे: विद्यार्थी हमखास लांब तुकडा ठेवतात आणि मग त्यांना विभाजन बंद झालेल्या लांबट पेशींचे नुसते ढीग दिसतात.

वर 45 टक्के ॲसेटिक आम्लाचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा, त्यावर टिपकागदाची घडी. पेन्सिलीच्या बोथट टोकाने टकटक करा, मग अंगठ्याने सरळ खाली दाबा. बाजूला सरकलात तर पेशी गुंडाळल्या जाऊन त्यांच्या वळकट्या होतात. माझ्या पहिल्या दोन कव्हरस्लिपा फुटल्या, तिसरीखाली काहीच नव्हतं, चौथीत पेशी दिसल्या. एका थरात पसरलेल्या पेशी म्हणजे जमलं.

आधी काय दिसेल

10 पटीच्या भिंगाखाली चौकोनी पेशींचा भाग शोधा, मग 40 पटीवर जा. बहुतेक पेशींत नुसता लाल गोळा दिसेल. ते केंद्रक. मधूनच एखाद्या पेशीत गोळ्याऐवजी दोऱ्यांचा गुंता असेल (पूर्वावस्था), कुठे दोरे मधोमध रांगेत आलेले (मध्यावस्था), कुठे दोन गट दोन टोकांकडे ओढले जाताना (पश्चावस्था), कुठे दोन टोकांना नवी केंद्रकं बनताना (अंत्यावस्था). मध्यावस्थेतली नीट पसरलेली पेशी मिळाली तर मोजून पाहा, 16 भरतात का. नाही भरली तर आपण बरेचदा दोन एकमेकांवर पडलेली एक धरलेली असतात. मोठमोठे लोकही चुकले आहेत. माणसाची गुणसूत्रं कित्येक वर्षं 48 मानली जात होती. 1956 मध्ये ज्यो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती 46 असल्याचं दाखवलं. यातल्या लेव्हानने 1938 साली कोल्चिसिनचा परिणाम तपासला होता, तो कांद्याच्या मुळांवरच. कोल्चिसिनमुळे गुणसूत्रं मध्यावस्थेत अडकून पडतात आणि मोजायला सोपी जातात. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही कोल्चिसिन असतं, पण ते जीव घेण्याइतकं विषारी आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता लाल गोळ्याकडे परत या

बहुतेक जण विभाजनाची चार चित्रं काढतात आणि उठतात. वहीत सही मिळते. पण डीएनए एरवी कसा राहतो हे कळायचं असेल तर त्या कंटाळवाण्या गोळ्यांपुढे थांबावं लागतं. विभाजनातलं जाडजूड गुणसूत्र म्हणजे बदलीच्या गावाला निघालेलं बिऱ्हाड: भांडी पोत्यात, गाद्यांच्या वळकट्या, सगळं बांधलेलं. त्यावरून कुटुंब घरात कसं नांदत होतं हे कसं कळणार? नांदतं घर म्हणजे तो लाल गोळा.

एक केंद्रक निवडा आणि फोकसचा स्क्रू अगदी सावकाश पुढे-मागे फिरवा. रंग सगळीकडे सारखा नाही. गडद ठिपके दिसतात, तिथे डीएनए दाबून भरलेला आहे आणि तिथली जनुकं बहुधा गप्प असतात. एमिल हाइट्झने 1928 मध्ये शेवाळवर्गीय वनस्पतींत हेच पाहून त्या भागाला हेटरोक्रोमॅटिन नाव दिलं. फिकट भाग सैल असतो, कामकाज तिथे चालतं. मधे एक-दोन फिकट गोल पोकळ्यांसारखं दिसेल ती केंद्रिका. रायबोसोमचे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांचे, सुटे भाग तिथे तयार होतात.

ठिपक्यांच्याही आतलं आपल्या भिंगाला दिसत नाही, पण माहीत आहे. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गट, त्याभोवती डीएनएचे जेमतेम पावणेदोन वेढे, त्यात सुमारे 147 जोड्या. हा झाला न्यूक्लिओसोम. रॉजर कोर्नबर्गने 1974 मध्ये ही रचना मांडली. पुस्तकं याला ‘मण्यांची माळ’ म्हणतात. माझी तक्रार अशी, की माळेत दोरा मण्याच्या आतून जातो, इथे तो बाहेरून गुंडाळलेला आहे. एकाच धाग्यावर ओळीने बसलेली रिळं म्हणा. विभाजनाची वेळ आली की कंडेन्सिन हे प्रथिन या धाग्याच्या निऱ्या घालतं, एकीला लागून दुसरी, दाटीवाटीने. नऊवारीची आठवण मला इथेच झाली.

आणि घरात कोणाची खोली कुठली? हेही तुमच्याच स्लाइडवर अर्धंमुर्धं दिसतं. पश्चावस्थेतली पेशी पुन्हा शोधा. प्रत्येक गुणसूत्र इंग्रजी व्ही अक्षरासारखं वाकलेलं असेल, टोक ध्रुवाकडे. ओढ लागते ती गुणसूत्रबिंदूला, म्हणजे गुणसूत्राच्या दोन हातांमधल्या आवळलेल्या जागेला (सेंट्रोमिअर), दोन्ही हात मागून फरफटत येतात. पुढे नवं केंद्रक बनतं तेव्हाही बरेचदा हीच मांडणी टिकते: गुणसूत्रबिंदू एका बाजूला, हातांची टोकं समोरच्या बाजूला. कार्ल राब्लने 1885 मध्ये सॅलमँडरच्या पेशी पाहून हे ओळखलं, म्हणून त्याला राब्ल मांडणी म्हणतात. कांदा, गहू यांसारख्या मोठ्या जीनोमच्या, म्हणजे एका संचात भरपूर डीएनए असलेल्या, वनस्पतींत ती दिसते. माणसाच्या बहुतेक पेशींत ती अशी ठळक नसते, पण तिथेही दर गुणसूत्राचा आपला इलाखा असतो. जनुकांनी गजबजलेलं 19 क्रमांकाचं गुणसूत्र आतल्या बाजूला आणि जवळपास तेवढंच पण विरळ जनुकांचं 18 वं परिघाकडे, असं लसिका पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) आढळलं आहे.

वहीत काय लिहायचं

एका दृश्यक्षेत्रातल्या सगळ्या पेशी मोजा, त्यांतल्या विभाजनातल्या किती ते वेगळं लिहा, आणि असं निदान पाच क्षेत्रांत करा. वेगवेगळ्या वेळी कापलेल्या मुळांचे आकडे शेजारी मांडले की आठ-ते-दहाचा नियम तुमच्या कांद्याला लागू होतो का ते समजेल. चित्रं काढताना चार अवस्थांबरोबर एक लाल गोळाही काढा, गडद ठिपके आणि केंद्रिका दाखवून.

स्लाइड दोन-चार दिवस ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावा. पारदर्शक असलेलं बरं, लाल लावलंत तर पुढच्या बॅचला कडेच्या पेशी ओळखता येत नाहीत.