झिंक कमी आलं म्हणून लगेच गोळी नको

रक्ततपासणीत झिंक (जस्त) कमी दिसण्यामागे बऱ्याचदा मेटॅलोथायोनिन असतं. ही धातू धरून ठेवणारी छोटी प्रथिनं १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडली. एका रेणूत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे २० घटक असतात आणि तो झिंकचे ७ अणू धरतो. ताप, जंतुसंसर्ग, ऑपरेशन असा ताण शरीरावर आला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, यकृत ही प्रथिनं जास्त बनवतं आणि रक्तातलं झिंक तिकडे ओढलं जातं. शरीरातला साठा तेवढाच असूनही रिपोर्टमधला आकडा त्यामुळे पडतो.

मेंदूत मेटॅलोथायोनिनच्या कुटुंबातलं तिसरं प्रथिन जास्त आढळतं. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या काही पेशी ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनासोबत झिंकही सोडतात, आणि ते झिंक ग्लुटामेटचा संदेश घेणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरला आवर घालतं. मोकळं झिंक फार वाढलं तर मात्र पेशी मरतात, म्हणून ते धरून ठेवणारं कुणीतरी लागतंच. मेंदू आपलं झिंक स्वतंत्रपणे सांभाळतो, त्यामुळे रक्ताच्या आकड्यावरून मेंदूतल्या झिंकचा अंदाज बांधू नका.

तपासणी सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी करा. ताप उतरून दोनेक आठवडे जाऊ द्या आणि सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. तो वाढलेला असेल तर झिंकच्या आकड्यावर विसंबू नये. रक्त ट्रेस एलिमेंटच्या (सूक्ष्म प्रमाणातल्या धातूंच्या तपासणीच्या), गडद निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्येच घ्यायला हवं. चोपडा, शहादा इथून सॅम्पल बाहेरगावी जाणार असेल तर सीरम (पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव) आधी वेगळं करायला सांगा. तसं न केल्यास तांबड्या पेशींतलं झिंक बाहेर पडतं आणि आकडा खोटा वाढतो. सकाळी उपाशीपोटी, नीट घेतलेल्या सॅम्पलमध्ये पुरुषांत ७४, स्त्रियांत ७० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आकडा आला तर कमतरतेचा संशय घ्यावा.

आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज पुरुषाला १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम झिंक लागतं. कळण्याच्या भाकरीतल्या ज्वारी-उडदात झिंक आहे, पण धान्य-कडधान्यातलं फायटेट हे द्रव्य ते शरीरात शोषलं जाण्यापासून अडवतं. मोड आले की फायटेट कमी होतं, म्हणून भाकरीबरोबर मोड आलेली मटकी ठेवा: ८-१० तास भिजवा, पाणी फेकून द्या, दिवसभर मोड येऊ द्या. जळगावच्या मे महिन्यात ती चिकट होते, तेव्हा मधून मधून धुवत राहा. तिळाची चटणी रोज हवीच. १०० ग्रॅम तिळात ७ मिलिग्रॅमच्या आसपास झिंक असतं.

गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर पाकिटावर प्रत्यक्ष झिंक किती ते वाचा. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट म्हणजे ५० मिलिग्रॅम झिंक, आणि मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम. लोहाच्या गोळीपासून दोन तास अंतर ठेवा.

जास्त डोस महिनोन् महिने चालू राहिला तर आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन वाढतं. ते तांब्याला झिंकपेक्षा घट्ट धरतं, आणि पेशी गळून पडल्या की तांबंही शौचावाटे जातं. विल्सनच्या आजारात, म्हणजे शरीरात तांबं साचतं तेव्हा, डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात. निरोगी माणसात मात्र यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर होतात, चाल डळमळते. बराच काळ झिंक घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या तर रक्तातलं तांबं आणि सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) तपासून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. मज्जातंतूंचं नुकसान उशिरा लक्षात आलं तर पूर्ण भरून येत नाही.