राणीछाप रुपया घासू नका, आणि भाव आधी विचारू नका

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या देवघरांतले डबे बाहेर निघतात, लक्ष्मीपूजनाचे रुपये मोजले जातात आणि माझ्याकडे फोटो यायला लागतात. खाली एकच प्रश्न: "काका, याचे किती येतील?" नाणं खरं आहे का, त्याला कुणी हात लावलाय का, ते किती झिजलंय, हे कुणी विचारत नाही. भाव हा शेवटचा प्रश्न. तो पहिला विचारणाऱ्याला मी हल्ली उत्तरच देत नाही.

घासणे

चिंच नको, रिठा नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच नको. हे सांगून सांगून घसा बसला, तरी दरवर्षी एक जण भेटतोच.

ओळखीच्या एका घरी १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया निघाला. हे साल मजेशीर आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसणारा हत्ती कोरला गेला. त्यामुळे १९११ म्हटलं की आम्ही नाणी जमवणारी मंडळी जरा सरसावून बसतो. फोटोत कडेने निळसर-जांभळी छटा होती, मध्ये राखाडी. मी म्हटलं, कापडात गुंडाळून आहे तसं आणा. रविवारी दोघं नवरा-बायको आले, पुडी सोडली, आणि आतून नाणं नव्या स्टीलच्या वाटीसारखं लखलखत बाहेर आलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, इतकं काळं कसं न्यायचं कुणाकडे? पितांबरीने स्वच्छ केलं." भिंगाखाली धरलं तर राजाच्या गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. "पण आता छान दिसतंय ना?" यावर मी चहा मागवला.

तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकामुळे चांदीवर बसलेला थर. तो घासताना चांदीचा पृष्ठभागही जातो. टांकसाळीत ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं एका दिव्याखाली तिरकं करून फिरवलं की त्या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चक्रासारखा फिरतो. घासलेलं नाणं मात्र सगळीकडून सारखंच चकाकतं. गेलेली चमक परत आणता येत नाही. नाण्याची प्रत ठरवून तिला आकडा देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्याही अशा नाण्याला आकडा न देता नुसता 'डिटेल्स'चा, म्हणजे 'खरं, पण बिघडवलेलं' असा शेरा मारतात.

हळद-कुंकू बसलेलं असेल तर मी डिस्टिल्ड पाण्यात ठेवतो आणि सुती कापडावर टिपतो. टिपतो, पुसत नाही. बाकी काळं ते काळंच राहू द्यावं.

"वजन बरोबर, चांदी खरी, म्हणजे नाणं खरं"

ब्रिटिश रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. शुद्धता ९१.७ टक्के, म्हणजे आत साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. वजनकाट्यावर हे पाहणं चांगलंच, आणि चुंबकाला चिकटणारा 'चांदीचा रुपया' तिथेच परत करावा. पण जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा बिनचांदीचा मिश्रधातूही चुंबकाला चिकटत नाही, आणि वजनकाट्याला साल वाचता येत नाही.

इंजिनीअरिंगचा एक मुलगा सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घेऊन आला. हे साल दुर्मीळ, किंमत घसघशीत. एका विक्रेत्याने त्याला "गरज आहे म्हणून स्वस्तात" दिला होता. पोराने सराफाकडे नेऊन तपासलाही होता: वजन पक्कं, चांदी पक्की. मी दहा पटीच्या भिंगाने फक्त शेवटचा आकडा पाहिला. नऊचं पोट नीट, पण शेपटीच्या डाव्या बाजूची जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोल आणि वेगळ्या पोताची. तो १९३८ चा अस्सल रुपया होता. आठाचा खालचा डावा भाग कोरून काढून नऊ केलेला. सराफ खोटं बोलला नव्हता, त्याला चांदीच विचारली होती.

मुलगा म्हणाला, "व्हिडिओत तर वजन बघा एवढंच सांगितलं होतं." दोन मिनिटांच्या व्हिडिओवर महिन्याचा खर्च उधळणाऱ्यांना आता मी काय सांगू? माझी सवय सांगतो: दुर्मीळ साल समोर आलं की आधी त्याच राजाचा साधा, खात्रीचा रुपया शेजारी ठेवायचा आणि आकड्यांची वळणं ताडून पाहायची. आणि त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. "आत्ताच घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार.

किरकोळ, पण रोजच्या

१९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे आहेत. त्यांचा हिशेब राणीछापाच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाच्या दराने करू नका.

राणीच्या रुपयावर १८६२ दिसलं म्हणजे तो त्याच वर्षी पाडला असं नाही. हेच साल पुढे अनेक वर्षं ठशावर राहिलं. नेमका काळ ताडायला तिथे नाण्यावरचे बारीक ठिपके मोजावे लागतात.

प्रत ठरवताना उंच भाग आधी बघा: राणीच्या कानावरचे केस, कपड्यावरची वेलबुट्टी, पंचम जॉर्जचा मुकुट आणि कान. तिथे सपाटी आली असेल तर 'युनसी' (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न वापरलेलं) हा शब्द तोंडातून काढू नका. मात्र सपाट भागावरही ती फिरती चमक टिकून असेल, तर ती झीज नसून ठसा कमी दाबाने पडलेला असतो.

कडेला बारा वाजण्याच्या जागी चांदीचा डाग दिलेला दिसला, तर तो रुपया कधीतरी कुणाच्या गळ्यातल्या माळेत होता. कडी काढली तरी खूण राहते. त्याला मोडीच्या भावापेक्षा थोडंसंच जास्त मिळतं.

पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर फारसी अक्षरं आणि मोगल बादशहाचं नाव असतं, म्हणून 'हे आपलं नव्हेच' म्हणून तो विकू नका. हाताने पाडलेल्या या नाण्यांत चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे मजकूर अर्धामुर्धाच येतो. अंकुश पूर्ण उमटलाय का आणि सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा कुठे पडल्यात, यावर प्रत ठरते. इथे इंग्रजी रुपयाचे निकष लावणारे लोक मला विशेष वैताग आणतात.

कंपनी सरकारचं १८१८ चं राम-दरबाराचं, तांदळाचे दाणे चुंबकासारखे ओढतं म्हणून सांगितलं जाणारं, कोटींचं नाणं आहे असा फोन आला, तर: कंपनीने असं नाणं पाडलेलंच नाही. फोन ठेवा.

किंमत ऑनलाइन जाहिरातींवरून काढू नका. तिथे कुणीही काहीही मागतं. लिलावात त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, त्याच प्रतीचं नाणं खरोखर कितीला गेलं ते शोधा.

आणि मला फोटो पाठवायचाच असेल तर दोन्ही बाजूंसोबत कडेचाही पाठवा. फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड, सालाचा फोटो वेगळा आणि जवळून. नाणं बोटांनी कडेला धरा, अंगठा राजाच्या तोंडावर ठेवू नका.