टॉर्च का लागत नाही? मुलांसोबत बिघाड शोधताना

वस्तूतल्या प्रत्येक भागाला काम असतं, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. एक भाग काढायचा, वस्तू चालवून बघायची, तो भाग परत बसवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. एवढा क्रम पाळला की त्यांना ते आपलं आपण दिसतं. साधारण सात वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. बटणाचं बॉलपेन, दोन पेन्सिल सेलचा टॉर्च आणि सुटे भाग घरंगळू नयेत म्हणून काठाचं ताट घ्या. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दर वेळी भाग काढण्यापूर्वी विचारा, “हा नसला तर काय होईल?” आणि उत्तर वहीत लिहायला लावा. अंदाज लिहिलेला नसला तर निकाल पाहिल्यावर मुलं तो नकळत बदलतात.

पेनापासून सुरुवात करा. स्प्रिंग काढून पेन पुन्हा जोडलं की टोक खाली धरल्यावर रिफिल आपोआप बाहेर डोकावते आणि पेन उलटं केलं की आत जाते. लिहायला गेलं की टोक मागे सरकतं. आता जुन्या पेनाच्या स्प्रिंगची दोन-तीन वेटोळी मोठ्यांनी पकडीने कापावीत (तुकडा उडतो, डोळे जपा) आणि ती बसवून बघावी. बटण दाबलं जातं, पण रिफिल नेहमीच्या जोराने मागे येत नाही. भाग नसणं आणि भाग असून कमजोर असणं, यांतला फरक इथे मुलांच्या बोटांना कळतो.

खरी गंमत टॉर्चमध्ये आहे, तिथे घाई करू नका. झाकणातली स्प्रिंग काढली की टॉर्च लागत नाही. मुलं म्हणतात, “सेल दाबले जात नाहीत म्हणून.” मग स्प्रिंगच्या जागी तेवढ्याच जाडीची कागदाची घट्ट गोळी बसवा. सेल दाबले जातात, तरी अंधारच. तीच गोळी अॅल्युमिनियम फॉइलची केली की टॉर्च लागतो. स्प्रिंग सेल दाबून धरते, शिवाय वीजही वाहून नेते, ही दोन कामं अशी वेगळी करून दाखवता येतात. स्प्रिंगला गंज चढला की टॉर्च का मिचमिचतो, हेही मग सांगावं लागत नाही; पॉलिश पेपरने घासून बघायचं मुलंच सुचवतात. फॉइल एकाच सेलच्या दोन्ही टोकांना एकदम लागू देऊ नका, सेल तापतो.

पुढे एक सेल उलटा घाला. दीड-दीड व्होल्टचे दोन सेल एकमेकांच्या विरुद्ध लागतात, बेरीज शून्य होते. दोन्ही उलटे घातले तर एलईडी लागत नाही, कारण त्यातून वीज एकाच दिशेने जाते. जुन्या पिवळ्या बल्बला मात्र दिशेचं काही नसतं. बघून झालं की सेल लगेच सरळ करा.

भिंतीवरच्या घड्याळात काही न काढताही शिकता येतं. सेल उतरला की सेकंदकाटा बहुतेक वेळा ९ च्या आसपास जागच्या जागी थरथरतो, कारण तिथे काटा वर उचलायला सगळ्यांत जास्त जोर लागतो.

कुकर फक्त थंड असताना दाखवा. रिंग कडक झाली किंवा चिरली तर वाफ कडेने निसटते, आत दाब धरत नाही आणि शिट्टी होत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हवर मात्र अंदाजापुरतंच बोलायचं. तो बिघडला तरी रोजचा भात शिजतो आणि शिट्टीची वाट तुंबते त्या दिवशीच त्याची उणीव कळते. म्हणून हा भाग काढून प्रयोग कधीही करू नका.

शेवटी बिघाड तुम्ही करा आणि शोधायला मुलांना द्या. आधी एकच: दोन सेलमध्ये कागदाची चकती. ती सापडली की पुढच्या खेपेला चकती आणि एक संपलेला सेल, दोन्ही. इथे बहुतेक मुलं चकती काढतात, टॉर्च लागत नाही म्हणून “बिघाड हा नव्हताच” असं ठरवून ती परत घालतात आणि मग सेल बदलूनही अंधारच राहतो. उत्तर सांगू नका. वही उघडून एवढंच विचारा, “चकती असताना पहिल्या खेपेला काय झालं होतं?”