“वहिनी, तुम्ही फक्त सही करा” : पहिल्यांदा सरपंचपदाला उभं राहणाऱ्या बायांसाठी

आरक्षणाची सोडत निघाली की गावातल्या पॅनेलप्रमुखांचे फोन थांबत नाहीत. चिठ्ठीत ‘महिला’ आलं, तर संध्याकाळच्या आत कुणीतरी घरी येतं, ओसरीवर टेकतं आणि नवऱ्याला नाहीतर सासऱ्यांना विचारतं, “मग, वहिनींचं नाव घालायचं का?” वहिनी आत चहा ठेवत असते. आपल्याकडे बायांचं राजकारण बहुतेक असंच सुरू होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावची मी सरपंच झाले ती याच वाटेनं. पुढच्या वेळी जागा खुली होती, तेव्हा माझं नाव मीच सांगितलं. या दोन्हींच्या मधे जे शिकावं लागतं, ते लिहिते आहे.

नाव ठरण्याआधी कागद बघा. प्रचार नंतर. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आपल्याला मिळाल्या, पण छाननीच्या टेबलावर कायदा आपली बाजू घेत नाही. राखीव जागा असेल तर बाईची जात माहेरची धरतात. म्हणजे दाखला वडिलांकडचा, पडताळणीला पुरावे आजोबा-पणजोबांचे. अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचे, ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचे. त्यासाठी माहेरच्या गावी जाऊन जुन्या शाळेची रजिस्टरं उघडायला लावावी लागतात, आणि भाऊ मनावर घेईल तरच ते होतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात याला आणखी एक फाटा आहे. इथल्या कितीतरी सुना विजयपूर, कलबुर्गीकडच्या. कर्नाटकातला जातीचा दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. हे सोडतीच्या दिवशीच कळलं तर बरं. पडताळणीच्या अर्जाची पावती जोडून उमेदवारी भरता येते, पण वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं.

दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि मतदार यादीत तिसरंच काहीतरी, हे घरोघरी आहे. आधी ते जुळवा. घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती जपा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही. आणि घरातल्यांना स्पष्ट विचारा की सरकारी जागेत आपलं काही बांधकाम आहे का. सासऱ्यांच्या अतिक्रमणापायी सुनेचं सदस्यत्व गेलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते कायम ठेवलं, असं घडलेलं आहे.

प्रचाराचं फार सांगत नाही, तो गाव शिकवतं. एवढंच, की नवऱ्याच्या मागे हात जोडून फिरू नका. बचत गटातल्या दोघी-तिघी बरोबर घ्या आणि पुरुष कामाला गेल्यावर दुपारी घरं करा. कानडी बोलणाऱ्या घरात मोडकंतोडकं कानडी बोला. चुकलात तरी हसून खुर्ची पुढे करतात.

खरा अभ्यास निकालानंतर सुरू होतो. “वहिनी, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो.” हे वाक्य तुम्हाला प्रेमानं ऐकवलं जाईल, आणि बोलणारे सगळे आपलेच असतील. ग्रामपंचायतीचे बरेचसे पैसे, विशेषतः केंद्राच्या वित्त आयोगाचे, ऑनलाइन खर्च होतात. पैसे सुटायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांची डिजिटल सही लागते. ती डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूत असते आणि अनेक गावांत सरपंचबाईंचं डोंगल नवऱ्याच्या खिशात, नाहीतर संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतं. ते तुमच्या पर्समध्ये राहू द्या, पासवर्ड तुम्हीच टाका. घरात यावरून कुरबुर होते. मी घरी एवढंच सांगितलं की उद्या चौकशी लागली तर नोटिशीवर नाव माझं असणार आहे. ते पटलं. स्त्रीपुरुष समानतेवर बोलले असते तर पटलं असतं असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्रोसिडिंग बुकाची, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीची. सभेत काय बोललं गेलं याला किंमत नाही, त्या बुकात काय उतरलं त्याला आहे. सभा संपताच ठराव लिहून घ्या, मोठ्यानं वाचायला लावा आणि मग सही करा. मधे कोरी जागा सुटली असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारा. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, म्हणतील, “मॅडम, नंतर सावकाश लिहितो.” नको म्हणा. कोऱ्या पानावरची सही पुढं कुठल्या ठरावाखाली जाऊन बसेल ते सांगता येत नाही. नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना ९ म्हणजे कराची मागणी, एवढे दोन जरी दर महिन्याला उघडून बघितलेत तरी कार्यालयातली बोलण्याची भाषा बदलते. न समजलं तर विचारायचं. शिक्षण कमी असल्याचं दडपण बायांनाच येतं. दहावी नापास पुरुष सदस्याला ते आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पती सभेला येऊन बसणारच असतील, तर अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी खुर्ची ठेवू नका. ग्रामसभेत गावकरी म्हणून त्यांनी जरूर बोलावं. मासिक सभा सदस्यांची असते.

आपल्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे महिला सभा. ग्रामसभेआधी ती घ्यायचीच, असं कायदा सांगतो. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, अंगणवाडीताई सह्या गोळा करतात आणि विषय संपतो. ती खरोखर घ्या, दुपारी, देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेत. पाण्याच्या पाळ्या, गटारी, दारू हे विषय तिथे आपोआप निघतात. तिथले ठराव घेऊन ग्रामसभेला गेलात की तुम्ही एकट्या बोलत नसता, मागं गल्ल्या उभ्या असतात. विरोधी पॅनेलच्या घरातल्या बायाही तिथं येतात. तुमच्यावर अविश्वास ठराव आला तर हेच उपयोगी पडतं, कारण थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य एकत्र आले तरी प्रकरण ग्रामसभेच्या गुप्त मतदानापर्यंत जावं लागतं.

राखीव जागेखेरीज वाट नाही असं समजू नका. प्रणिती शिंदे २००९ ला सोलापूर शहर मध्यमधून आमदार झाल्या आणि २०२४ ला खासदार. पण त्यांच्यामागे घराणं होतं, ते आपल्याला नाही, हे मान्य करून पुढं जाऊ. मला जवळची वाटतात ती कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली माणसं. बिडी कामगार बायांची ही दहा हजार घरं २००६ साली वसली. वर्षानुवर्षं जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठिय्या देणाऱ्या बाईला सभेत उभं राहून बोलताना घाम फुटत नाही. युनियन, बचत गट, शाळेची व्यवस्थापन समिती, कुठूनही सुरुवात करा, पण निवडणुकीच्या दोन-तीन वर्षं आधी.

कारण आरक्षण फिरतं. पाच वर्षांनी जागा खुली होते आणि तेच पॅनेलप्रमुख येऊन म्हणतात, “वहिनींनी चांगलं काम केलं, आता साहेबांना संधी देऊ.” त्या बैठकीत तुम्ही हजर असायला हवं आणि पाच वर्षांत झालेल्या कामांची यादी, रकमांसकट, हातात हवी. मी ती वाचून दाखवली. पॅनेलनं तिकीट दिलं ते माझ्या भाषणाला भुलून नव्हे. मी बाहेरून उभी राहिले तर मतं फुटतील, हा हिशेब त्यांनी केला. राजकारणात असंच मोजतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सरपंचपदाच्या पुढं पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे तिथले मतदारसंघ. तिथं पक्षाचं चिन्ह लागतं, खर्च वाढतो, आणि मुलाखतीत “मिस्टर काय करतात?” हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका वाक्यात द्या आणि मतदार यादीवर या.

एक सूचना जिंकणाऱ्या आणि हरणाऱ्या दोघींसाठी. निकालानंतर ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. हरलेल्या बायांना वाटतं की आता कशाला. हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग अपात्र ठरवू शकतो, आणि पुढच्या सोडतीत जागा तुमच्यासाठी निघाली तरी अर्ज भरता येत नाही. चहाच्या बिलापासून जीपच्या भाड्यापर्यंत पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत टाकत जा.